आवाजी मतदानाची नोंद

माझे पती मंगळवारी सकाळी गेले. गुरुवारी खासदारांचं पत्र आलं.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असलात तरी ओळखता येऊ नये, अशी काळजी मी घेतली आहे — ती का घेतली, तेही सांगेन. आधी ते पत्र.

मी इंदापूरला शाळेत मराठी शिकवत होते. माझे पती — त्यांना इथं रघुनाथराव म्हणू — बारामतीला एका खासदारांच्या कार्यालयात लेखनाचं काम बघायचे. खासदार राज्यसभेचे. त्यांना इथं तात्या म्हणू. बावीस वर्षं हे सकाळच्या एसटीने बारामतीला गेले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. तात्यांची भाषणं, वर्तमानपत्रांना जाणारी पत्रकं, दरवर्षीचा कार्यअहवाल, लग्नाचे शुभाशीर्वाद, दहावीच्या मुलांची अभिनंदनं — तात्यांच्या नावावर जे जे छापून आलं, ते ह्यांच्या हातचं. सहीसुद्धा तात्या करत नसत. सहीचा रबरी शिक्का ह्यांच्या टेबलाच्या खणात असायचा.

सांत्वनपत्राचा मसुदाही ह्यांचाच. तो आमच्या स्वयंपाकघरात लिहिला गेला. मी भाकरी थापत होते. हे म्हणाले, "पोकळी नको. पोकळी सगळेच लिहितात. दुसरं काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा — घरातल्या त्यांच्या रोजच्या जागेकडे आपली नजर जात असेल आणि तशीच परत येत असेल."

हे हसले. म्हणाले, "मास्तरीणबाई, खासदार तुम्हीच व्हायला पाहिजे होतं."

वाक्य कायम झालं. पुढे ते किती घरांत गेलं, कोण जाणे. गेलेल्या माणसाच्या नावाची जागा रिकामी, बाकी सगळं तयार.

त्या गुरुवारी ते वाक्य माझ्या घरी आलं. रिकाम्या जागेत ह्यांचं नाव. खाली शिक्का. मी वाचलं, खिडकीजवळच्या खुर्चीकडे माझी नजर गेली, आणि तशीच परत आली.

तात्या स्मशानात आले नव्हते. दिल्लीत होते का? नाही. बारामतीतच होते. त्या दुपारी त्यांनी माळेगावला एका दुकानाचं उद्घाटन केलं. त्याचे फोटो मी नंतर त्यांच्या फेसबुकवर पाहिले. सकाळी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुपारी उद्घाटन, आणि मधे ह्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. त्या चित्रात तात्यांचा फोटो मोठा, हात जोडलेला. ह्यांचा खाली कोपऱ्यात, कुठल्याशा घोळक्याच्या फोटोतून कापून काढलेला — खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहिलेला.

एवढ्यासाठी? — असं तुम्हाला वाटेल. हो, एवढ्यासाठी. मला कुणी लुबाडलं नव्हतं, घराबाहेर काढलं नव्हतं. पण मनात एखादी गोष्ट धरायला माणसाला लागतं तरी किती?

तेरावा झाल्यावर कार्यालयाचे व्यवस्थापक शिर्के घरी आले. ह्यांच्या डायऱ्या आणि कागदांची पिशवी घेऊन आले होते.

"वहिनी, भाऊंचं अक्षर आमच्यात कुणालाच लागत न्हाय," ते म्हणाले. "अहवाल अर्धा राहिलाय. तेवढा तुमीच पुरा करा. तुमी बघितला म्हंजी झालं. आमी उघडूनबी बघणार न्हाय."

"आणि लोक?"

"लोकं फोटो बघत्यात, वहिनी."

मी हो म्हटलं. शपथेवर सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं. की होतं? ह्यांचं अक्षर काही दिवस डोळ्यांसमोर राहील, एवढंच वाटलं असावं. आता नक्की सांगता येत नाही.

डायरीत सगळं होतं. तात्या संसदेत कोणत्या दिवशी हजर होते, कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकाला काय म्हणाले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मलाही ती ह्यांच्याकडूनच कळली होती. आपल्याला वाटतं, खासदाराचं प्रत्येक मत कुठंतरी लिहिलेलं असतं. तसं नसतं. पुष्कळ वेळा आवाजी मतदान होतं. बाजूचे 'हो' म्हणतात, विरुद्धचे 'नाही' म्हणतात, सभापती कानाने अंदाज घेतात आणि विधेयक संमत झाल्याचं सांगतात. कुणी मतविभागणी मागितली तरच कोण कुठल्या बाजूला ते कागदावर येतं. नाहीतर कुणाचंच नाव नाही.

एका विधेयकापाशी मी थांबले. धरणांच्या जलाशयांतली मासेमारी बाहेरच्या ठेकेदारांना देता यावी, अशा अर्थाचं ते होतं. आमच्याकडे उजनीच्या फुगवट्यावर पळसदेवसारखी गावं आहेत. तिथल्या कितीतरी घरांची चूल जाळ्यावर पेटते. ह्यांनी लिहिलं होतं: 'तात्यांचा दिल्लीहून फोन. चर्चेत बोलायला वेळ मिळाला नाही. आवाजी मतदान. तात्या नाही म्हणाले. सभागृहात नोंद नाही. अहवालात आवर्जून घेणे.' 'आवर्जून'खाली रेघ मारली होती.

म्हणजे तात्यांनी पळसदेवची बाजू घेतली होती, याचा पुरावा साऱ्या देशात एकच होता. तो माझ्या जेवणाच्या टेबलावर होता.

तीन दिवस मी ते पान उघडं ठेवलं. येता-जाता बघायचे. चौथ्या दिवशी अहवालाच्या त्या पानावर लिहिलं: 'मा. खासदारांनी या विधेयकाच्या बाजूने मत दिले.' साधं, सरळ वाक्य. मुलांना मी जन्मभर तेच शिकवलं — वाक्य सरळ ठेवा.

वाईट वाटलं का? नाही. मला आनंद झाला. ते गेल्यापासूनचा पहिला आनंद. हे लपवून काय उपयोग?

प्रूफं आली, मी तपासली, परत पाठवली. शिर्के शब्दाला जागले; त्यांनी उघडून पाहिलं नाही. अहवाल गावोगाव गेला. मुखपृष्ठावर तात्या, हात जोडलेले.

उन्हाळ्यात, उजनीचं पाणी उतरून बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागलं तेव्हा, पळसदेवचे सखाराम आबा माझ्याकडे आले. म्हातारे, आयुष्यभर जाळं टाकलेले. त्यांची नात माझ्या वर्गात होती. एका हातात चिलापी माशांची पिशवी, दुसऱ्या हातात अहवाल.

"बाई, मला आता बारीक अक्षर दिसत न्हाय. हितं काय लिवलंय तेवढं वाचा. पोरं म्हणत्यात, तात्यांनी घात केला. मी म्हणलं, पोरांनो, तुमाला वाचता येत न्हाय."

मी वाचलं. माझं वाक्य, माझ्याच आवाजात, वर्गात वाचावं तसं.

"म्हंजी खरं हाय?"

"छापलंय तसं, आबा."

त्यांनी पुस्तिकेची घडी करून ती खिशात घातली. "व्हय. रघुनाथरावांनी लिवलंय म्हणल्यावर खोटं कसं आसंल?"

तेव्हा — निदान तेव्हा तरी — मला थांबता आलं असतं. आबा अजून उंबऱ्यात चपला चाचपत होते. मी मासळीची पिशवी आत नेऊन ठेवली.

पुढच्या महिन्यात तात्यांना पळसदेवला यावं लागलं. नव्या देवळाच्या मंडपात सभा होती. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. तात्यांचं तोंड बघायचं होतं. बायकांच्या बाजूला सतरंजीवर पुढंच बसले.

एकजण उभा राहिला. "तात्या, आमच्या पोटावर पाय दिला तो दिला, वर छापूनबी घेतलं?"

तात्या म्हणाले, "मी नाही म्हणालो होतो. त्याला कागद नाही, पण तुमच्या गळ्याशपथ."

"शपथंनं जाळं भरतंय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. मंडप हसला. तात्यांचा चेहरा उतरला. मी तो डोळे भरून पाहिला. त्यासाठीच तर आले होते.

मग तात्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. म्हणाले, "आता बोलू नये, पण बोलतो. आमचे रघुनाथराव. माझा उजवा हात. शेवटचं वर्षभर आजारी होते, गोळ्यांवर होते. नोंद करताना त्यांच्याकडून उलटंसुलटं झालं. गेलेल्या माणसावर काय राग धरायचा? चूक पोटात घाला."

शपथेवर ज्यांनी विश्वास ठेवला नव्हता, त्यांनी यावर लगेच ठेवला. आजारी माणूस, गोळ्या — पटण्यासारखंच होतं. कुणीतरी म्हणालं, "सांजची गोळी सकाळीच घेतली आसंल." पुन्हा हसू. शिर्के स्टेजच्या कडेला उभे होते. प्रूफं कुणाकडून आली होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सखाराम आबा हसले नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते — मी काहीतरी बोलेन म्हणून.

काय बोलायचं होतं? एकच वाक्य. नोंद बरोबर होती, ती मी फिरवली. घरी डायरी होती, रेघ मारलेली होती.

मी भ्याले का? थोडी भ्याले असेन. शाळेतली बाई, गावात मान — ते सगळं होतंच. पण भीतीचं नाव पुढे करून सुटावं, असं मला वाटत नाही. कारण वेगळं होतं. ती डायरी दाखवली असती तर ह्यांचं नाव धुतलं गेलं असतं, आणि त्याच पाण्याने तात्यांचंही. तात्या खरे ठरले असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला ते नको होतं. तात्यांना मान मिळण्यापेक्षा ह्यांचा गेलेला चालेल — हे मी त्या सतरंजीवर बसून ठरवलं. ज्या माणसाच्या अपमानाचा सूड घ्यायला निघाले होते, त्यालाच पुढे केलं आणि आपण मागे बसले.

याला पाच वर्षं झाली. तात्या पुन्हा खासदार झाले. त्यांच्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्यांच्या शपथेवरचं ते हसू अजूनही कानाला गोड लागतं. सखाराम आबा दोन वर्षांपूर्वी गेले, ह्यांचीच चूक समजून गेले. त्यांच्या घरीही तात्यांचं पत्र गेलं असेल. त्यात माझं वाक्य असेल.

मागच्या पावसाळ्यात इंदापूरच्याच एका कचेरीच्या खिडकीपाशी मी उभी होते. आतला कारकून शेजारच्याला म्हणाला, "नीट तपासून घ्या, रघुनाथरावांची नोंद व्हायची." दोघं हसले. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. रघुनाथराव कोण, हेही बहुधा माहीत नसावं. पूर्वी याच गावात म्हणायचे, रघुनाथरावांनी लिहिलंय म्हणजे बघायला नको.

इथं मी सगळी नावं बदलली आहेत. तात्यांचं खरं लिहिलं असतं तर ते सुटले असते. ह्यांचं खरं लिहिलं असतं तर त्यावरून लोक तात्यांपर्यंत पोचले असते, आणि ते तसेही सुटले असते. म्हणून दोघांचीही बदलली. म्हणजे हे सगळं लिहूनसुद्धा ह्यांच्यावरचा डाग तिथंच आहे, आणि तो तिथं राहील हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.

डायरी माझ्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे. पळसदेवला चूक अजून ह्यांचीच आहे.