सर आणि आप्पांचा शब्द

सरांना शिवीचा राग यायचा नाही, गोड बोलण्याचा यायचा. वर्गात कुणी मागून शीळ घातली तर हसून सोडून देत. पण एखादा "सर, मनापासून प्रयत्न करीन" म्हणाला की खडू टेबलावर आपटून विचारत, "म्हणजे करणार काय?" शिरूरच्या कॉलेजात त्यांचं नावच 'करणार-काय सर' पडलं होतं.

ते तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचा जीव एका युरोपीय तत्त्वज्ञावर. शब्दाचा अर्थ शब्दाच्या पोटात दडलेला नसतो, माणसं तो शब्द घेऊन काय करतात त्यात असतो, असं त्या गृहस्थांनी सांगितलं आणि भाषेबद्दल विचार करणाऱ्या जगभरच्या विद्वानांना सगळं नव्यानं मांडायला लावलं. आम्हाला हे कळावं म्हणून सर स्वतःच्या वडिलांना वर्गात आणत. वडील केंदूरचे, मेंढरं राखणारे. "शेतकरी म्हणायचा, माझ्या रानात मेंढरं बसवा. आमचा बाप म्हणायचा, बसवतो. झालं! ठरलेल्या दिवशी कळप त्या रानात खत टाकायला हजर. बसवतो या शब्दाचा अर्थ कुठं होता? त्या रानात होता!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, जणू आमच्यापैकीच कुणीतरी ते नाकारलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रांजणगावला कारखाने उभे राहिले आणि कॉलेजला संगणकाचं वेड लागलं. तत्त्वज्ञानाला पोरं कमी म्हणून संस्थेनं तो वर्ग वर्षभर स्थगित केला. दौंडला संस्थेचंच दुसरं कॉलेज होतं, तिथं हा विषय चालू होता. सरांना तिकडची बदली देऊ केली होती. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष आप्पा सगळ्या स्टाफसमोर उठले, सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, दौंडला कशापायी जाता? येत्या जूनला वर्ग चालू करतो. शब्द हाय माझा."

सरांनी तिथंच बदली नाकारली. आप्पांना त्यांनी एका अक्षरानं विचारलं नाही, की करणार काय.

जून आला. त्या खोलीत संगणक बसले, खिडक्यांना पडदे लागले. सरांच्या हाती परीक्षेचं सुपरव्हिजन आणि गॅदरिंगच्या खुर्च्या मोजणं एवढंच उरलं. दौंडची जागा दुसऱ्याला गेली. सर आप्पांकडे गेले, मी बरोबर होतो. आप्पा पान लावत म्हणाले, "दिला व्हता की शब्द. मी कुठं माघारी घेतलाय?" आणि हसले. आजूबाजूची चार माणसंही हसली. इतक्या वर्षांनीही ते हसू आठवलं की माझ्या अंगाची लाही लाही होते.

परतताना मी सरांवरच उखडलो. मी तेव्हा कंपनीत लागलो होतो, तोंड सुटलं होतं. "सर, आम्हाला जन्मभर काय शिकवलंत? माणूस काय करतो ते बघा! आणि स्वतः?"

सर चालता चालता घरच्या बोलीत म्हणाले, "आरं, शब्द हाय म्हणलं की मला रान दिसतं. मेंढरं बसलेली दिसत्यात. आप्पांचं आन् माझं जगणं एकच हाय, असं धरून चाललो मी. शब्द त्योच ऱ्हायला, जगणं कवाच येगळं झालं."

तत्त्वज्ञानावर इतकं खरं बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही. पण तेव्हा माझा संताप त्यानं निवला नाही. अजूनही निवलेला नाही. कंपनीत साहेब "आपण सगळे एक कुटुंब" म्हणू लागला की मी पहिल्यांदा कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांकडे बघतो, ती त्या कुटुंबात कुठं बसतात ते. ही खोड सरांची.

पुढची सात-आठ वर्षं सर पोरांविना नोकरी करत राहिले. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले.

दहाव्याला केंदूरच्या घाटावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं झाली. आप्पा पांढऱ्या कपड्यांत गाडीतून उतरले. त्यांनी माईक धरला, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "सरांच्या नावानं तत्त्वज्ञानाचा वर्ग पुन्हा चालू करतो. हा माझा शब्द हाय."

बायांमधून सरांच्या पत्नी उठल्या. आम्ही त्यांना मामी म्हणायचो. त्यांचा आवाज कॉलेजातल्या कुणीही कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, आता शब्द नका दिऊ," त्या म्हणाल्या. "त्यो खरा धरणारा माणूस गेला."

आप्पांनी माईक खाली ठेवला. गाडीकडे जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, तो मी झटकून टाकला.