डबीतली राणी

सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या सकाळी मी ओसरीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यावरची राणी चिमट्याने उचलून डबीत ठेवली होती. नेवाशाच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. या जातीच्या गांधीलमाश्यांत राणी इतकी थंड असते की ती राणी आहे हे ओळखूही येत नाही. ती नाहीशी झाली की एखादी कामकरी माशी चवताळते, बाकीच्यांना पळवते. तिला तसंच राहू दिलं तर काही दिवसांनी तीच शांत राणी होते. हे मला वर्गाला दाखवायचं होतं. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपकाही दिला होता.

दफन करून घरी आलो. चूल पेटणार नव्हती. शेजारणी डबे आणत होत्या. सासूबाईंसमोर कधी आवाज न चढवणारी थोरली जाऊ दारात उभी राहून प्रत्येकीवर खेकसत होती. "ते पातेलं इथं कुणी ठेवलं? उचला आधी!"

मी रडले नव्हते. "शिकलेल्यांचं असंच असतंय," मागून कुणीतरी म्हणालं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

"संध्याकाळी प्रार्थनेला चर्चची मंडळी येणार," जाऊ मला म्हणाली. "त्या पोळ्याला पेटता बोळा लाव. आज लई पिसाळल्यात."

"माणसांवर नाही, ताई. ती पिवळ्या ठिपक्याची एकटीच सगळ्यांना बडवतेय."

"मग चिरड तिला."

"दुसरी उभी राहील."

"मग काय करावं, प्रोफेसरीणबाई? काडी आणू?"

मी पुस्तकांच्या फळीवरून डबी आणली. जाऊने वाकून पाहिलं.

"जित्ती हाय व्हय ही?"

"साखरपाण्यावर आहे."

"मग ठेव की परत. हिला तरी आणता येतंय."

प्रयोग अर्धवट सुटणार होता. पण पोळं जळालं तर पुढच्या वर्षी दाखवायला काहीच उरणार नव्हतं. राणी परत ठेवली. थोड्या वेळाने पिवळीचा जोर ओसरला. ती इतरांसारखी कामाला लागली.

प्रार्थना त्याच ओसरीत झाली. कुणाला काही चावलं नाही. नंतर भांडी आवरताना जाऊने हळूच विचारलं, "सकाळी दूध किती घ्यायचं गं?"

हे रोज सासूबाई सांगायच्या.

"तुम्ही सांगाल तेवढं," मी म्हणाले.

ती हातातली परात पुसत राहिली. परात केव्हाच कोरडी झाली होती.

"दोन लिटर," ती म्हणाली.