चौकटीवरचा हात

मेश्राम काका देव मानत नसत, तरी दर शनिवारी सकाळी देवळात जात. म्हणजे दारापर्यंत. रेल्वेतून रिटायर झालेले हे आमचे शेजारी. बाबांची दृष्टी गेली, तेव्हा कुणी न सांगता त्यांनी बाबांचा हात धरला आणि रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये दबलेल्या जुन्या, भोसल्यांच्या काळातल्या मारुतीला ते त्यांना नेऊ लागले.

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मले देवाचं काय काम? तुह्या बाबाले आहे. तू ऑफिसचं करून राहिला ना, कर. मी रिकामाच आहो."

नव्या रायपूरच्या माझ्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते आले की मी लॅपटॉप उघडून कपाळाला आठ्या घालून बसे. परतल्यावर काका आमच्याकडे चहा घेत. त्यांच्या उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला, बोटांच्या पेरांवर नेहमी खपल्या असत. जन्मभर लोखंडाशी झटलेला माणूस, असायच्याच, असं समजून मी कप पुढे करी. अशी आठ वर्षं गेली.

मग काका आजारी पडले आणि पहिल्यांदाच मी बाबांना घेऊन गेलो. देवळाचं दार बुटकं, दगडी चौकट बरोबर कपाळाच्या उंचीला. "चला बाबा," म्हणालो आणि मोबाईल पाहू लागलो. बाबा ताठ चालत गेले आणि चौकटीवर आपटले. रक्त आलं.

"तिथं मेश्रामचा हात राहते," ते म्हणाले. "तो लागला का मी वाकतो."

शेजारचा भांडीवाला पाणी घेऊन धावला. "आज वो भैया नहीं आए? आप कौन हैं?"

"बेटा हूँ," मी म्हणालो. इतक्या हळू, की त्याने पुन्हा विचारलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते उशीवरून उठू पाहत म्हणाले, "चूक माही झाली रे. तुले सांगाचं राहून गेलं."

मी कधी विचारलं होतं? पण त्यांनी माफी मागितली आणि मी ती मुकाट्याने ऐकून घेतली. शनिवारच्या सुट्टीचं तेव्हाही बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही. पंधरा दिवसांत काका गेले.

पुढच्या शनिवारी मी चौकटीवर हात धरला, पालथी बाजू दगडाला, तळवा बाबांकडे. बाबांचं कपाळ त्यावर आदळलं, ते वाकले आणि आत गेले. माझी बोटं दगडावर सोलून निघाली. घरी चहाचा कप धरताना ती झोंबली, तेव्हा काकांच्या खपल्या कशाच्या होत्या ते मला कळलं.