साच्यातली हवा
परवा छताला पीओपी करताना तो ओल्या खडूसारखा वास आला आणि हमरापूरचा गणपतींचा कारखाना आठवला. तुमचे बाबा तेव्हा तीन महिन्यांचे होते. कारखाना शेजारच्या मावशींचा; त्यांना हात कमी पडत होते, म्हणून मी मदतीला गेले आणि प्लॅस्टर पाण्यात घालून जोरजोरात घुसळलं. मावशींनी ते साच्यात ओतलं, वरचा फेस पाहिला आणि त्या ओरडल्या, “भज्यांचं पीठ फेटलंस काय गो? हवा कोंडली आत! देवाच्या तोंडावर भोकं पडतील, नि गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय.” मी रडवेली झाले. “टाकून देऊ?” “नाय गो. दूध पाजल्यावर पोराला थोपटतेस ना, तसा साचा थोपट. घट्ट व्हायच्या आत!” साचा उलटा होता, देवाचं तोंड खाली नि बैठक वर. मी थोपटू लागले, तसा तिथून एकेक बुडबुडा वर येई, क्षणभर चमके आणि फुटे. प्लॅस्टर घट्ट व्हायला लागेपर्यंत मी थोपटत राहिले. तासाभराने साचा उघडला, तर सोंड, डोळे, गाल सगळं नितळ. उरलेली हवा वर जमून बैठकीखाली मात्र चाळण झालेली. मावशी हसल्या, “बघ, देवानं ढेकर दिला!” घरी येऊन तुमच्या बाबांना खांद्यावर घेतलं, तेव्हा देवालाच थोपटतेय असं वाटून माझा हात जरा जपूनच पडत होता.