टाचणीनं वकील केला

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणतात. नावं ठेवायला गल्लीला कारण लागतं थोडंच, पण इथं ते होतं. कपडे बेतून, उसवून, पुन्हा शिवून देणारी ही बाई दिवसभर ओठांत चार-पाच टाचण्या धरून बसते. त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे "हं" आणि "अंहं". गेल्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून, लेकीला घेऊन ती इथं राहायला आली, तेव्हा अख्खी गल्ली कान टवकारून उभी. बाई काय म्हणाली? "मशीन सांभाळून उतरवा." झालं!

एका बुधवारी टपालानं कोर्टाची नोटीस आली. नऊ वर्षांच्या लेकीचा ताबा मला द्या, असा नवऱ्याचा अर्ज. तारीख पुढच्या गुरुवारची, सकाळी अकराची. टाचणीनं कागद वाचला, डब्यात ठेवला आणि सात दिवस लोकांच्या पँटी आखूड केल्या. भीतीनं कुणी पळतं, कुणी रडतं. ही शिवत बसली.

बुधवार पुन्हा उजाडला. लेक दप्तर घेऊन समोर उभी राहिली.

"आई, बाबा फोनवर म्हणाले, उद्यापासून मी तिकडे. मग दप्तर आजच भरू का सगळं?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात खरं, पण पायरीच घरात चालून आल्यावर शहाण्यानं करायचं काय? पोरीला शाळेत सोडून ती थोरल्या भावाकडे गेली, आणि भाऊ तिला त्याच्या माहितीतल्या बड्या वकिलाकडे घेऊन गेला.

कचेरी चकचकीत, आणि वकिलाचा कोट तर काय सांगावा! खांद्याला सुरकुती नाही, बाहीचं माप तंतोतंत. टाचणीचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

"अजिबात काळजी नको, ताई," वकील फोन चाळत म्हणाला. "उद्या जास्त ताणायचं नाही. मुलगी सध्या राहू दे वडिलांकडे, आपण एका आड एक रविवार भेट मागू. इथं सही करा."

वकीलपत्र पुढ्यात आलं. हा माणूस माझ्या वतीनं बोलेल, असं लिहून देण्याचा कागद. टाचणीनं पेन उचललं. मग तिच्या लक्षात आलं, यानं पोरीचं नावसुद्धा विचारलेलं नाही.

"अंहं," म्हणत तिनं पेन खाली ठेवलं.

जिन्यात भाऊ भडकला. "अगं बये, तारीख उद्यावर! एवढा मोठा माणूस! कोट बघितलास त्याचा?"

"कोट बघूनच फसत होते, दादा."

भाऊ तणतणत कामावर गेला. टाचणी एकटीच कोर्टाच्या इमारतीत शिरली. घड्याळात दीड. जिन्याखाली एक म्हातारा टायपिस्ट अर्ज बडवत बसला होता.

"मुलांच्या ताब्याचं कोण बघतं, काका?"

"दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली. बाई चिडक्या आहेत हं. पण दोन्ही कान शाबूत आहेत."

खोलीत फायलींचे ढीग आणि त्यांच्या मागे वकीलबाई. टाचणीची नजर सवयीनं काळ्या गाऊनवर गेली. खालची कड उसवलेली, आणि ती चक्क स्टेपलरनं मारलेली! जिला स्वतःची कड सांभाळता येत नाही, ती माझी पोर काय सांभाळणार? ती वळलीसुद्धा.

"आलात तर बसा. मुलीला सकाळी शाळेत कोण सोडतं?"

"मी."

"आजारी पडली तर रात्रभर कोण बसतं? शाळेतल्या बाईंना कोण भेटतं? घर सोडलंत ते का?"

टाचणी बसली. उत्तरं देताना तिलाच नवल वाटलं. इतकं तर ती भावाशीही बोलली नव्हती. वकीलबाईंनी नोटिशीसोबतचे कागद वाचले आणि भुवया आवळल्या.

"ही मिळाली कधी?"

"मागच्या बुधवारी."

"यात लिहिलंय, दोन महिन्यांपूर्वीच बजावली, तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. म्हणून उद्या तुमचं न ऐकताच ताबा मागताहेत. पाकीट कुठाय? त्याच्यावर टपालाचा शिक्का असतो."

टाचणीला पाकीट आठवलं. जाड, खाकी, कडक कागद. कुठली शिवणारी असा कागद टाकून देईल?

"त्याचा... खिसा केला."

"काय केलं?"

"खिशाचा नमुना कापला. पोरीच्या स्कर्टसाठी."

वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजेपर्यंत घेऊन या. नाही मिळालं तरी या."

टाचणी धावत सुटली. घरी नमुन्यांच्या गठ्ठ्यात खिसा सापडला. त्यावर पत्ता होता नवऱ्याच्या घराचा, शेजारी टपालवाल्यानं लिहिलेला नवा; पण शिक्का अर्धाच. उरलेला अर्धा? गठ्ठा उपसला, डबे उलटे केले, केराची बादली पालथी घातली. साडेतीन वाजले. हताश होऊन तिनं मशीनवर हात टेकला आणि मशीन डुगडुगलं नाही. डुगडुगलं नाही! गेल्या आठवड्यात मशीनच्या पायाखाली उरलेल्या पाकिटाची घडी घातली होती ना! खांदा लावून तिनं मशीन उचललं.

पावणेपाचला तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. अखंड.

"कापलं होतंत ना?"

"जोडलं. बारीक टाके घातलेत, जोड दिसायचाच नाही," टाचणी अभिमानानं म्हणाली.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, तीच तर पंचाईत! उद्या ते म्हणतील, तुम्ही शिक्का बनवून आणलात. लपवलेला जोड म्हणजे लबाडी. उसवा. आत्ता, माझ्यासमोर."

टाचणीनं एकेक टाका उसवला.

"आणि उद्या विचारलं तर सगळं खरं सांगायचं. कापलं, शिवलं, उसवलं. तोंड उघडून. जमेल?"

"हं," म्हणाली, आणि मग सावरून, "जमेल."

तिनं वकीलपत्रावर सही केली. उठताना मात्र राहवेना. "गाऊन द्या इकडं. त्या पिना बघवत नाहीत."

गुरुवारी अकरा वाजता समोरच्या वकिलानं भोकं पडलेले दोन तुकडे सगळ्यांना दाखवत विचारलं, "हा पुरावा?" नवरा गालात हसला. न्यायाधीशांनी तुकडे जुळवून शिक्क्यावरची तारीख वाचली आणि टाचणीकडे पाहिलं.

"हे कापलं कशाला?"

टाचणीनं वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीनंच न्यायाधीशांकडे खूण केली.

"मुलीला स्कर्टला खिसा हवा होता," टाचणी म्हणाली. मग पुढचंही सांगितलं, टाक्यांसकट, न थांबता.

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. नोटीस आठच दिवसांपूर्वी पोचली. उत्तराला तीन आठवडे. तोवर मुलगी आहे तिथंच, आईकडे. तुकडे फायलीत गेले.

त्यामुळे खिसा तिला अंदाजानंच बेतावा लागला. जरा मोठा झाला. गल्लीनं नाक मुरडलं, पण पोरगी खूश. त्यात तिचे दोन्ही हात मावतात.