उचलून दिलेला बॉल

बॉलर रनअपच्या खुणेकडे चालत चालला होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, चल ना रे बाबा, फिर लवकर आणि पळायला लाग. अंपायरने असं काही म्हणायचं नसतं. मनातसुद्धा नाही. पण मी म्हणत होते.

कारण सांगते. अंपायर आपल्या मनाने कोणाला आउट देत नाही. फील्डिंग करणाऱ्यांनी विचारावं लागतं, ‘हाउज दॅट?’ यालाच अपील म्हणतात. आणि बॉलर पुढच्या बॉलसाठी पळायला लागला की मागच्या बॉलचं अपील करता येत नाही. विचारायचं राहिलं तर राहिलंच. मागच्या बॉलवर एक पोट्टा नियमाने आउट होता. हे त्या वेळी अख्ख्या मैदानात एकट्या मला माहीत होतं.

मॅच होती सोळा वर्षांखालच्या मुलांची, नागपूरच्या एका क्लबच्या मैदानावर. एका बाजूला शहरातली नावाजलेली अकॅडमी. पोरांच्या किट बॅगांना चाकं, ट्रेनर वेगळा, व्हिडिओ काढणारा वेगळा. दुसऱ्या बाजूला नरखेड तालुक्यातल्या गावांमधून जमवलेली टीम. त्यांचे ढोके सर शाळेत पीटी शिकवतात. सगळ्या टीममध्ये मिळून एकच मोठी किट होती आणि आउट होऊन येणारा सीमेवरच पॅड सोडून पुढच्याला देत होता.

सकाळीच टूर्नामेंटच्या सेक्रेटरींनी मला ऐकवलं होतं, “मॅडम, ह्या गाववाल्यांना एक चान्स देऊन पाहतोय. आज जिंकले तर लीगमध्ये घेऊ. हरले तर विषय संपला.”

“आणि अकॅडमी हरली तर?” मी विचारलं.

“ते तर लीगमध्ये आहेतच ना,” ते म्हणाले, आणि चहा आला का पाहायला गेले.

म्हणजे बघा. एका टीमची प्रॅक्टिस होती, दुसरीचा जीव टांगणीला.

गाववाल्यांची अर्धी टीम जेवणाच्या आतच परतेल असं मला वाटलं होतं. वीस वर्षं अंपायरिंग करते आहे, अशा मॅचेस पुष्कळ पाहिल्या. पण बाप्पा, निखिल नावाचा एक पोट्टा आला आणि खुंटा ठोकल्यासारखा उभा राहिला. शिकवलेली बॅटिंग नव्हती ती. कोपर भलतीकडे, पाय भलतीकडे, पण बॉल बरोबर बॅटच्या मधोमध. पलीकडचे जात राहिले, हा उभाच. शेवटी नऊ आउट झाले आणि जिंकायला पाच रन उरले. निखिल खेळत होता आणि माझ्या बाजूला, म्हणजे नॉन-स्ट्रायकरला, त्यांचा सगळ्यात छोटा गडी होता. त्याला हेल्मेट इतकं मोठं की दर बॉलला वर सरकवत होता. ढोके सर सीमेबाहेर उकिडवे बसून गवत उपटत होते. अकॅडमीचे कोच बक्षी सर सीमेच्या दोरीला लागून येरझाऱ्या घालत होते.

आता तो बॉल. निखिलने खाली दाबून खेळला. बॉल त्याच्या पायाशीच मेल्यासारखा पडला. इकडून छोटा रनसाठी सुटला. निखिल ओरडला, “थांब बे! जाय मांगं!” छोटा वळला आणि परत पळाला. अकॅडमीचा विकेटकीपर आर्यन, तोच कॅप्टनही, बॉल घ्यायला आरामात चालत येत होता. रनआउटचा सवालच नव्हता. निखिलने काय केलं? वाकला, बॉल हाताने उचलला आणि आर्यनकडे अलगद टाकला. “घे गा,” म्हणाला.

आर्यनने झेलला आणि म्हणाला, “थँक्यू.”

माय वं, हे काय केलं या पोराने!

नियम असा आहे. बॉल खेळात असताना बॅट्समनने फील्डरला विचारल्याशिवाय तो उचलून द्यायचा नाही. दिला तर आउट. क्रिकेटच्या भाषेत त्याला ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ म्हणतात, फील्डिंगमध्ये अडथळा. अडथळा झाला की मदत झाली, हे कोणी पाहत नाही. एकच वाट होती. दोन्ही बाजूंनी खेळ सोडून दिला असं अंपायरला दिसलं, तर बॉल मेला, म्हणजे ‘डेड’ झाला असं धरता येतं आणि मग हा नियम लागत नाही. पण छोटा अजून क्रीजच्या बाहेर होता, पळत होता. पळणाऱ्या पोराला थांबलेला कसं म्हणू? फार शोधलं मी, खरंच सांगते. सापडलं नाही.

मग उरलं एवढंच, की कोणाच्या लक्षात येऊ नये. आर्यनच्या नव्हतंच आलं, त्याने तर थँक्यू म्हटलं होतं. बॉल बॉलरकडे गेला. तो नेमका त्यांचा सगळ्यात फास्ट बॉलर, रनअप पार सीमेजवळच्या साइटस्क्रीनपर्यंत. स्पिनर असता तर दोन पावलांत मोकळा झाला असता. हा चालतोय, बॉल पॅंटला घासतोय, परत चालतोय.

खुणेवर पोचून तो वळला. तेवढ्यात दोरीजवळून आवाज आला.

“आर्यन! अपील कर! हात लगाया उसने, अपील!”

बॉलर जागीच थांबला. आर्यनने आधी कोचकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे आला आणि अगदी हळू विचारलं, “हाउज दॅट, मॅडम?”

मी लेग अंपायरशी बोलून घेतलं. त्यांनीही तेच पाहिलं होतं. मी आर्यनला जवळ बोलावलं.

“कॅप्टन तू आहेस. अपील मागे घ्यायचा हक्क तुझा आहे. बाहेरच्या कोणाचा नाही. कळतंय?”

“हो, मॅडम.”

“मग विचार कर. मी थांबते.”

त्याने दोरीकडे पाहिलं. बक्षी सर हाताची घडी घालून उभे होते, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पंधरा वर्षांचं पोर ते, उद्या त्याच कोचसमोर नेटमध्ये उभं राहायचं. तो आपल्या ग्लोव्हजकडे बघत म्हणाला, “मॅडम, अपील आहे.”

मी बोट वर केलं.

अकॅडमीवाल्यांपैकी दोघं-तिघं ओरडले, पण जल्लोष काही जमला नाही. निखिल क्रीजवरच उभा. त्याने परत गार्ड घ्यायला बॅट टेकवली. त्याला कळलंच नव्हतं. मला चालत जाऊन सांगावं लागलं, “बेटा, तू आउट आहेस. मॅच संपली.”

“मी? काहून?”

मी सांगितलं. तो ऐकत राहिला, मग हेल्मेट काढून निघाला. छोटा मात्र तिथेच पिचवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. त्याला वाटलं, आपण पळालो म्हणून झालं. आणि तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं. तो क्रीजमध्ये असता तर मी बॉल मेला म्हणू शकले असते. हे मी त्याला नाही सांगितलं. तेवढी अक्कल होती मला.

पॅव्हेलियनमध्ये सेक्रेटरी हात पुढे करून आले. “एकदम करेक्ट डिसिजन, मॅडम! आजकाल रूल माहीत असणारे अंपायर मिळतात कुठे?”

“कौतुक ठेवा तुमच्याजवळ,” मी म्हटलं. “टीम पाहिली ना? घ्या त्यांना लीगमध्ये.”

“कसं घेणार? हरले ना ते.”

“कसे हरले ते तुम्ही पाहिलं!”

“तुम्हीच तर आउट दिलं, मॅडम.”

मला इतका राग आला होता की चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आले. राग कोणावर काढावा तेही कळेना. बक्षी सरांनी नियमातलंच मागितलं होतं, मी नियमातलंच दिलं होतं. सगळे बरोबर होते आणि ती पोरं चालली होती घरी.

गेटजवळ त्यांचा टेम्पो उभा होता. ढोके सर सामान चढवत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, “मॅडम, तुमचं काही चुकलं नाई. आमच्या इकडे ग्राउंडले लागूनच मोसंबीचा बगीचा हाये. बॉल त्याच्यात गेला का सारेच शोधाले जाते, बॅटिंगवालाही जाते. कधी सात पोट्टे येते, कधी आठ. विकेटकीपर ठेवाले पुरत नाई. पायाजवळचा बॉल उचलून नाई देला तर मीच ओरडतो, का बे, बॉलरले कायले चालवून राहिला? मीच शिकवलं गा हे त्याइले.”

बोलता बोलता मला ‘गा’ म्हणून गेले, गड्याला म्हणतात तसं, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी सामानाची दोरी धरून गाठ मारायला त्यांना मदत केली.

निखिल टेम्पोच्या कडेला पाय सोडून बसला होता. म्हणाला, “मॅडम, एक विचारू का?”

“विचार.”

“मले आउट देलं, ठीक हाये. नियम हाये म्हणता तर असन. पण मंग तो थँक्यू काहून म्हणला?”

नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. अवघडातली अवघड परीक्षा पास झाले आहे मी. थँक्यूचं त्यात कुठे काही लिहिलेलं नाही. मी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि टेम्पो गेला.

पुढच्या वर्षी त्यांना कोणी बोलावलं नाही. ढोके सरांना मी फोन केला होता. म्हणाले, किट शाळेच्या खोलीत ठेवून दिली, पोट्टे परत टेनिस बॉलवर खेळतात. निखिल बापासोबत बगिच्यात जातो, खेळायला येत नाही.

तेव्हापासून मी मुलांच्या प्रत्येक मॅचमध्ये टॉसच्या वेळी दोन्ही टीमना सांगते. पडलेल्या बॉलला हात लावू नका. फील्डरने मागितला तरच द्या. पोरं माना डोलावतात.

परवाचीच गोष्ट. एका मॅचमध्ये बॉल बॅट्समनच्या पायाशी पडला. विकेटकीपर उन्हाने पार थकला होता. म्हणाला, “दे ना यार.” मागितलं होतं, म्हणजे देता आला असता. बॅट्समनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दे म्हणून. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बाजूला सरकला. विकेटकीपर स्वतःच वाकला आणि बॉल उचलून घेऊन गेला.