पुढचा गाळा, मागचा गाळा

हे मी पाच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. परवा बायकोला सांगितलं, आज तुम्हाला. पण सुरुवात नारळापासून करू द्या. नारळाचं सांगायला सोपं जातं – त्यात लोक हसतात.

विजापूर रोडला आमची ती इमारत. खाली दुकानं, वर फ्लॅट. तिथं माझ्या अक्काच्या दुकानाचं उद्घाटन होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मैंदर्गीला दिलेली; मी धाकटा म्हणून मला तम्मा म्हणते. नारळ फोडायचा मान माझा. मी ऐटीत गेलो आणि दाणकन फोडला – तो रस्त्याकडच्या गाळ्याच्या उंबऱ्यावर. तो गाळा माझा. अक्काचा मागे, पार्किंगच्या अंगाला.

"भूगोलाचे मास्तर, आन् दिशा कळंना व्हय?" दाजी ओरडले. अक्का हसून म्हणाली, "असू दे की तम्मा, तुझ्या दारात बी देवच हाय."

मीही हसलो. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हा किस्सा मीच सांगतो, हातवारे करून.

आता खरं सांगू? हात चुकला नव्हता. हाताला माहीत होतं.

थांबा – घाई नको. अक्कानं वीस-बावीस वर्षं कडक भाकऱ्या करून विकल्या. चुलीपुढं बसून तिच्या हाताची कातडी भाकरीसारखीच कडक झालीय. सोलापुरात स्वतःचं दुकान असावं, एवढीच तिची हौस. मग दोघांनी निम्मे-निम्मे घालून दोन गाळे घेतले. बिल्डर म्हणाला, घ्यायचे तर जोडीनं घ्या, मागचा एकटा कोण घेणार? त्याचं म्हणणं खरंच होतं – ते मला तेव्हाही कळत होतं, बरं का.

मग पुढचा कुणाचा? अक्का फोनवर म्हणाली, "आपण कोण ठरवणार? सिद्धरामापुढं चिठ्ठ्या टाक. पयली माझी, दुसरी तुझी." तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून अक्काला निघता येईना. "तू हाईस की तितं. मी आले काय न् तू गेलास काय, येकच."

एकच!

तळ्यातल्या सिद्धरामाच्या देवळात गेलो. दोन चिठ्ठ्या देवापुढं ठेवल्या, डोळे मिटले, अक्काचं नाव घेतलं – अगदी मनापासून घेतलं हो – आणि एक उचलली.

'पुढचा.'

माझंच अक्षर, फळ्यावर लिहितो तसं ठळक. चष्मा नव्हता असंही म्हणता येत नाही. होता. चिठ्ठीची घडी केली, खिशात घातली. बाहेर येऊन चपला पायात सरकवायच्या आधीच फोन लावला आणि म्हणालो, "अक्का, तुला मागचा आला गं."

झालं. एवढंच. एवढं सांगायला मला पाच वर्षं लागली.

मनात काय होतं? ती कुरकुर करेल, मग मी मोठ्या मनानं अदलाबदल करीन, म्हणजे भाऊ असावा तर असा, हेही पदरात पडेल. पण ती म्हणाली, "येऊ दे की. देवानं दिलंय न्हवं?" कुरकुर नाही, काही नाही. मी तिथंच बोललो असतो तर? नाही बोललो.

माझ्या गाळ्यात औषधाचं दुकान आहे, धो धो चालतं. अक्काचं आठ महिन्यांत बंद पडलं. गिऱ्हाईक मागं जाणार कसं? मी बाण काढलेली पाटी लावली. पाटीपुढं कुणीतरी गाडी लावायचं. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला मी त्या पाटीवरून भांडतो. मला 'बाणवाले मास्तर' म्हणतात. गटाराचं झाकण, लिफ्टचा खडखडाट, वरून टाकलेला कचरा – कशावरून म्हणून भांडलो नाही? राग खरा असतो, शपथेवर सांगतो. माणूस तेवढा चुकीचा धरतो.

विकून टाक म्हटलं, तर अक्का ऐकत नाही. "देवानं दिल्याली वस्तू इकतेत व्हय रे?" दर सोमवारी मैंदर्गीहून येते, शटर उघडते, झाडते, उदबत्ती लावते, शटर ओढते. येताना आमच्यासाठी भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी. पाच वर्षं. एक सोमवार चुकवला असता तर मला जरा मोकळा श्वास तरी घेता आला असता!

गेल्या सोमवारी झाडता झाडता ती सहज बोलून गेली, "तम्मा, माझ्याच हातनं कायतरी पाप झालं असंल बघ. न्हायतर सिद्धरामानं मला मागं कशाला ठिवलं असतं?"

मी काय केलं असेल? खेकसलो. "काहीतरी बोलू नको," म्हणालो आणि पाटी सरळ करायला गेलो. पाटी सरळच होती.

परवा जेवताना बायकोला सगळं सांगितलं. नारळ, चिठ्ठी, चपला. मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडणाची मला सवय आहे. ती भांडली नाही. माझ्या ताटात अर्धी भाकरी होती, तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"अक्का पाच वर्षं आपलं पाप शोधत बसल्यात. आणि ते इथं बसून त्यांचीच भाकरी खातंय."